ईबेवर पैसे द्यायचे कसे, घ्यायचे कसे : नव्या खरेदीदार-विक्रेत्यांसाठी

जुनी घड्याळं, पोस्टाची तिकिटं, काडेपेटीचे छाप, फाउंटन पेन, फिल्मवर चालणारे कॅमेरे, यांपैकी कशाचाही नाद लागला की माणूस आज ना उद्या ईबेच्या लिलावात पोचतो. बोली लावणं सोपं आहे. गोंधळ होतो तो पैशाच्या टप्प्यावर. ‘यूपीआयनं का देता येत नाहीत?’, ‘विक्रेता म्हणतोय थेट बँकेत पाठवा, किंमत कमी करतो, पाठवू का?’, ‘घड्याळ विकलं गेलं, पण पैसे अडकलेत कुठे?’ संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रश्न सतत येत असतात. मी इथे खरेदीही करतो आणि विक्रीही, म्हणून दोन्ही बाजू एकत्र लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. पैसे कोणत्या मार्गानं द्यायचे हे तुम्ही ठरवत नाही, समोरचा विक्रेताही ठरवत नाही. साइट ठरवते. आणि साइट जे काही संरक्षण देते ते फक्त त्या ठरलेल्या मार्गापुरतं असतं. तो मार्ग सोडलात की तुम्ही आणि एक अनोळखी माणूस, एवढंच उरतं.

१. हे निर्बंध आले कुठून

हा भाग वगळला तरी काम अडणार नाही. पण नियमामागचं कारण माहीत असलं की तो मोडायला सांगणारा माणूस लगेच ओळखता येतो.

ईबे १९९५ साली सुरू झालं तेव्हा लोक एकमेकांना टपालानं चेक आणि मनिऑर्डरी पाठवायचे. चेक वटेपर्यंत माल निघत नसे, न वटलेल्या चेकचे आणि न आलेल्या मालाचे तंटे रोजचे होते. २००२ मध्ये ईबेनं दीड अब्ज डॉलरना पेपाल ही ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा विकत घेतली आणि तिथून साइटचं वळण बदललं. २००६ मध्ये गूगल चेकआउट आलं, तर ईबेनं ते थेट ‘चालणार नाही’ या यादीत टाकलं. कारण सुरक्षिततेचं सांगितलं गेलं, पण ती सेवा पेपालची स्पर्धक होती हेही उघड होतं.

२००८ साली ऑस्ट्रेलियात ईबेनं याच्या पुढची पायरी गाठली. समोरासमोर जाऊन घेतलेला माल सोडला तर बाकी सगळे व्यवहार फक्त पेपालनंच, असा नियम त्यांनी जाहीर केला. विक्रेते खवळले. तिथल्या स्पर्धा आयोगानं याला परवानगी देणार नसल्याचं प्राथमिक मत दिलं आणि जुलैमध्ये ईबेला योजना मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत मात्र मोटारींसारखे काही अपवाद वगळून चेक आणि मनिऑर्डर बंद झाल्या, आणि ते टिकलं. माझ्या मते दोन्ही घटना शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात. कागदी पैसे बंद करण्यात ग्राहकाचं हित होतं. एकाच कंपनीची सक्ती करण्यात कंपनीचं.

२०१५ मध्ये पेपाल आणि ईबे वेगळे झाले. २०१८ मध्ये ईबेनं नेदरलँड्सच्या ॲडियन या पेमेंट कंपनीला हाताशी धरून पैसे स्वतःच गोळा करायला सुरुवात केली, आणि २०२१ पर्यंत ही पद्धत बहुतेक सगळीकडे लागू झाली. आता खरेदीदार पैसे ईबेला देतो आणि ईबे आपलं शुल्क कापून विक्रेत्याला देतं. पेपाल हा चेकआउटवरचा, म्हणजे पैसे भरण्याच्या पानावरचा, अनेक पर्यायांतला एक पर्याय उरला आहे. १७ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकन एक्सप्रेसची कार्डंही बंद झाली. त्यांचं शुल्क फार आहे, असं ईबेचं म्हणणं.

आपल्याकडे २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन ईबे आलं. इथल्या साइटवर पैसे भरण्यासाठी ‘पैसापे’ होतं आणि जुन्या मंडळींना ते अजून आठवतं. २०१७ मध्ये तो व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये भारतीय साइट बंद झाली. म्हणजे आज इथून तुम्ही जे काही घ्याल ते परदेशी खरेदी आहे आणि जे विकाल ती निर्यात आहे. पुढचे बहुतेक घोळ या एका गोष्टीतून येतात.

२. खरेदीदाराची तयारी, बोली लावण्याआधी

बोली जिंकली की पैसे भरायला चार दिवस मिळतात. त्यानंतर विक्रेता व्यवहार रद्द करू शकतो आणि पैसे न भरल्याची नोंद तुमच्या खात्यावर राहते. अशा नोंदी साठल्या तर तुमची बोलीच नाकारण्याची सोय विक्रेत्यांना असते. म्हणून पैशाची वाट आधी तयार करा. लागेल ते इतकंच :

- व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट वा क्रेडिट कार्ड. देशांतर्गत वापराचं रुपे कार्ड इथे उपयोगाचं नाही.
- त्या कार्डावर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू केलेले. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानंतर नव्या कार्डांवर हे बंदच असतं, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावं लागतं.
- ईबेच्या खात्यावर तुमचा खरा पत्ता आणि चालू मोबाइल क्रमांक.
- आधार आणि पॅन. पार्सल कुरिअरनं आलं तर कस्टमसाठी केवायसी मागतात.

कार्ड चालत नाही अशी तक्रार आली की दहांपैकी नऊ वेळा दुसरा मुद्दा राहून गेलेला असतो. आंतरराष्ट्रीय वापर सुरू करताना मर्यादा मात्र गरजेपुरतीच ठेवा. परदेशी साइटवर ओटीपी न मागताही पैसे कापले जाऊ शकतात, हे आपल्या इथल्या सवयीत बसत नाही. खरेदी झाली की मर्यादा पुन्हा खाली आणा.

३. पैसे भरताना

चेकआउटच्या पानावर जे पर्याय दिसतात तीच तुमच्यासाठीची पूर्ण यादी. देशानुसार, वस्तूनुसार ती बदलते. अमेरिकेतल्या भावाला जे दिसतं ते तुम्हाला दिसेलच असं नाही. वर्णनाच्या मजकुरात विक्रेत्यानं काहीही लिहिलं असलं तरी त्या पानावर नसलेला मार्ग वापरायचा नाही.

चलनाकडे लक्ष द्या. पेपाल निवडलंत तर ते बहुधा स्वतःच्या दरानं रुपयांत रूपांतर करून दाखवतं. तिथे विक्रेत्याच्या चलनातच आकारणी करण्याचा पर्याय असतो, मग रूपांतर तुमची बँक करते. बँकेचंही फॉरेक्स मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचा जादा आकार, असतं, साधारण दोन ते साडेतीन टक्के, वर जीएसटी. दोन्ही आकडे काढून बघा. शंभर डॉलरच्या पेनवर फरक किरकोळ असतो, महागड्या भिंगावर जाणवतो.

कस्टम ड्यूटी वेगळी. तिचा हिशेब बोलीच्या आधीच धरा, आणि ती ठरलेल्या कुरिअरच्या किंवा पोस्टाच्या पावतीवरच भरा. ‘तुमचं पार्सल अडकलंय, या लिंकवर ड्यूटी भरा’ असा मेसेज आला तर लिंक न उघडता ट्रॅकिंग क्रमांक टाकून स्वतः तपासा.

४. ‘बाहेर व्यवहार करू’ म्हणणारा विक्रेता

हा टप्पा सावकाश वाचा, कारण बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

प्रकार असा घडतो. तुम्ही एखाद्या वस्तूवर बोली लावून हरता. दोन दिवसांनी निरोप येतो : जिंकलेल्यानं पैसे भरले नाहीत, तुम्हाला देतो, पण ईबेचं शुल्क वाचवू, थेट पाठवा. हरलेल्याला दुसरी संधी देण्याची सोय ईबेवर खरोखरच आहे, म्हणून गोष्ट पटते. पण खरी संधी तुमच्या ईबेच्या संदेशपेटीत येते आणि तिचे पैसे नेहमीच्या चेकआउटनंच भरले जातात. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर येते ती फसवणूक समजा.

न चालणारे मार्ग असे : टपालानं रोख, वेस्टर्न युनियन किंवा मनीग्रामसारखी पैसे पाठवणी, गिफ्ट कार्डचा क्रमांक, बिटकॉइन, चॅटमध्ये पाठवलेला क्यूआर कोड. रोखीला एक मोठा अपवाद आहे. वस्तू समोरासमोर जाऊन घेणार असाल आणि विक्रेत्यानं तशी सोय दिली असेल तर रोख चालते. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना याचा उपयोग होतो, जुनं फर्निचर किंवा सायकल अशीच घेतात. तिथे वस्तू नीट बघून मगच पैसे द्या.

सगळे ‘बाहेर’ म्हणणारे चोर नसतात, हेही सांगतो. काही विक्रेते खरंच शुल्क वाचवायला बघत असतात. पण ईबेच्या मनी बॅक गॅरंटीला, म्हणजे पैसे परत मिळण्याच्या हमीला, याच्याशी देणंघेणं नाही. ती फक्त चेकआउटमधून भरलेल्या पैशांना लागू होते. सद्‌गृहस्थानं पाठवलेलं पार्सल वाटेत फुटलं तरी तुमच्या हाती काही नाही. शिवाय साइटबाहेर व्यवहाराची मागणी करणं दोघांच्याही खात्यावर कारवाईला पुरेसं आहे. इतकी वर्षं जपलेलं खातं थोड्या सवलतीसाठी घालवण्यात अर्थ नाही. अशा निरोपाला उत्तरही देऊ नका. तो ईबेच्या संदेशपेटीत आला असेल तर तिथूनच तक्रार नोंदवा.

पेपालबद्दल एक वेगळा इशारा, मुख्यतः परदेशातल्या वाचकांसाठी. ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणून पाठवा असं विक्रेता म्हणाला तर नकार द्या. तो प्रकार घरच्यांना पैसे देण्यासाठी आहे, त्यात खरेदीचं संरक्षण मिळत नाही.

५. नात्यातल्यांच्या पत्त्यावर मागवण्याआधी

आपल्याकडे हे सर्रास चालतं. विक्रेता भारतात पाठवत नाही, म्हणून न्यू जर्सीतल्या मावसबहिणीच्या घरी मागवायचं आणि ती दिवाळीला आली की बॅगेतून आणायची. चालतं, पण दोन गोष्टी समजून घ्या.

वस्तू तिच्या दारात पोचली की पोचवणी पूर्ण झाली. तिथून पुढे कुठे पाठवली आणि वाटेत काही झालं, तर गॅरंटी लागू होत नाही. वस्तू वर्णनासारखी नसल्याची तक्रार करायची मुदत पोचल्यापासून तीस दिवस. खोकं दिवाळीपर्यंत बंद राहिलं तर मुदत कधीच उलटलेली असेल. तेव्हा ताईला आधीच सांगा : आल्या दिवशी उघडायचं, फोटो काढायचे, घड्याळ असेल तर किल्ली देऊन चालतंय का बघायचं. तिला संकोच वाटणार नाही, तुम्हालाच विचारायचा संकोच वाटतो.

आणि ज्याच्या खात्यातून खरेदी, तक्रार त्यालाच करता येते. तिच्या खात्यातून घेतलंत तर पुढचा सगळा पत्रव्यवहार तिनं करायचा.

६. विकायचं असेल तर आधी कागद

विक्री ही निर्यात आहे, म्हणून ही यादी लांब.

- पॅन, आधार किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा.
- बँक खातं. घरखर्चाचं नको, वेगळं ठेवा, हिशेब सोपा जातो.
- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर मिळतो, शुल्क ५०० रुपये. तो कायमचा असतो, पण दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती पुन्हा पक्की करावी लागते. बदल काहीच नसला तरी. नाहीतर निष्क्रिय होतो.
- एडी कोड, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीचा बँकेचा कोड, आपल्या बँकेकडून.
- जीएसटीची नोंदणी असेल तर दर वर्षीची एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र. निर्यातीवर जीएसटी शून्य दरानं असतो, पण एलयूटी नसली तर आधी कर भरून मग परतावा मागत बसावं लागतं.
- पेओनीर या परदेशातून पैसे आणणाऱ्या सेवेचं खातं. भारतातल्या विक्रेत्याला ईबे थेट बँकेत पैसे देत नाही, पेओनीरमार्फत देतं.

पाठवण्यासाठी मोठ्या कुरिअरशिवाय पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. २०२२ पासून सुरू झालेली ही सोय लहान विक्रेत्यांसाठी चांगली आहे, पोस्टाचं निर्यात बिल ऑनलाइन भरता येतं.

काय विकता येत नाही हेही इथेच सांगतो, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न हमखास येतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. आजोबांच्या डब्यातली शिवराई ईबेवर टाकायचा विचार असेल तर तो सोडा. परदेशी खरेदीदार कितीही देत असला तरी तो गुन्हा आहे.

७. नावं जुळवा

ईबे, पेओनीर, पॅन आणि बँक, या चारही ठिकाणी नाव सारखं हवं. आपल्या पद्धतीत ते सहसा नसतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव, लग्नानंतर पॅनवर माहेरचं आणि पासबुकावर सासरचं. यंत्राला ही दोन माणसं वाटतात आणि पडताळणी अडकते.

पॅन हे मूळ धरा. बाकी तीन ठिकाणी नाव त्याप्रमाणे लिहा, अगदी त्याच क्रमानं. पॅनच चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करा आणि मग नोंदणीला बसा. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो. आणि पेओनीर जोडताना ईबेच्या विक्रेता खात्यातल्या दुव्यावरूनच जा, ईमेलमधल्या दुव्यावरून नाही.

८. विक्री झाल्यावर पैसे कसे येतात

खरेदीदारानं पैसे भरले की ते ईबेकडे जमा दिसतात. नव्या विक्रेत्याचे पैसे ईबे काही आठवडे रोखून धरू शकतं. घाबरू नका, ट्रॅकिंग असलेल्या सेवेनं पाठवलंत आणि पार्सल पोचल्याची नोंद झाली की ते लवकर मोकळे होतात. ट्रॅकिंग नसलेलं स्वस्त टपाल सुरुवातीला वापरूच नका. ७५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात पोचल्याची सहीसुद्धा घ्यावी लागते, नाहीतर ‘मिळालंच नाही’ या दाव्यापुढे तुमचा बचाव टिकत नाही.

ईबेकडून रक्कम पेओनीरला येते आणि तिथून रुपयांत बँकेत. आपल्याकडच्या नियमांमुळे डॉलर तिथे साठवून ठेवता येत नाहीत, दर वाढण्याची वाट बघता येत नाही. पैसे कशाचे हे सांगणारा पर्पज कोड विचारला जाईल, तिथे वस्तूंच्या निर्यातीचाच निवडा. सेवांचा निवडलात तर शिपिंग बिल (कस्टमकडे भरलेला निर्यातीचा कागद) आणि आलेले पैसे जुळत नाहीत आणि बँक पत्रं पाठवत राहते.

पैसे आल्याचा दाखला उतरवून घ्या, शिपिंग बिलाच्या प्रतीसोबत त्याच फोल्डरमध्ये ठेवा. दर महिन्याला करा. वर्षाअखेरीला सीएसमोर बसून एकेक रक्कम कुठल्या पार्सलची हे शोधणं फार जिकिरीचं होतं, कारण आलेली रक्कम शुल्क आणि रूपांतर वजा होऊन आलेली असते, ती विक्रीच्या किमतीशी कधीच जुळत नाही.

९. विक्रेत्याला गाठणारे सापळे

‘पैसे भरलेत, ट्रॅकिंग क्रमांक दिलात की खात्यात दिसतील’ अशी पेपालच्या नावाची ईमेल येते. खोटी. पैसे आले का हे फक्त ईबेच्या खात्यात स्वतः शिरून बघायचं. तिथे भरलेले दिसत नसतील तर पार्सल हलवायचं नाही.

दुसरा प्रकार जादा रकमेचा. खरेदीदार म्हणतो, चुकून जास्त पाठवलेत, फरक माझ्या वाहतूकदाराला द्या. तुम्ही फरक देता आणि मूळ रक्कम खोटी निघते. पैसे परत द्यायचेच असतील तर त्याच व्यवहारातून, ईबेच्या परताव्याच्या बटणानंच द्या.

तिसरा मुद्दा सापळा नाही, पण पैसे त्यानंही जातात. मुंबईहून जाणाऱ्या जुन्या घड्याळांत डायल नव्यानं रंगवलेली पुष्कळ असतात आणि परदेशी संग्राहक ती लगेच ओळखतात. वर्णनात तसं स्पष्ट लिहा, जवळून फोटो द्या. लिहिलं नाहीत तर ‘वर्णनासारखं नाही’ म्हणून रक्कम परत जाते आणि परतीच्या टपालाचा खर्चही बहुधा तुमच्यावर येतो. खरं लिहिलेलं रंगवलेलं डायलही विकलं जातं, थोड्या कमी किमतीला.

१०. बिघडलंच तर

क्रम पाळा. आधी ईबेवर त्या व्यवहाराच्या पानावरून तक्रार नोंदवा, माल आला नसेल तर शेवटच्या अपेक्षित तारखेपासून तीस दिवसांत. विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे तीन दिवस मिळतात, त्यानंतर ईबेला मध्ये पडायला सांगा. बोलणी सगळी ईबेच्या संदेशपेटीतच ठेवा, फोनवर झालेलं पुराव्यात येत नाही. ‘तक्रार मागे घ्या, मग पैसे देतो’ असं विक्रेता म्हणाला तर मागे घेऊ नका. एकदा बंद केलेली तक्रार त्याच व्यवहारासाठी सहसा पुन्हा उघडत नाही.

पेपालनं भरलं असेल तर त्यांच्याकडे १८० दिवसांपर्यंत दाद मागता येते, कार्डानं भरलं असेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कापलेली रक्कम परत मागण्याचा दावा. पण ईबेवर तक्रार चालू असतानाच यांच्याकडेही तक्रार केलीत तर ईबे आपल्याकडची फाइल बंद करतं. आधी ईबे, तिथे जमलं नाही तरच पुढचं दार.

आणि साइटबाहेर, यूपीआयनं किंवा बँकेतून पैसे गेले असतील तर ईबेला लिहीत बसण्यात वेळ घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून हे पहिल्या काही तासांतच करायचं. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर (संदर्भ) क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरच्याचा खातेक्रमांक किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा.